बेंजोवाल्या काकांनी न वाजवलेली गाणी

हिंगोलीत मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले तेव्हा तिथे अजून चार टाइपरायटर होते. क्लासचे सर आधी टायपिंगच शिकवायचे. कॉम्प्युटर आले तशा त्या मशिनी कोपऱ्यात सरकल्या आणि त्यांच्यावर जुनी चादर पडली. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात अशा बॅचेस असत. मधले पाच तास क्लास रिकामा. सर जेवायला घरी जायचे, किल्ली माझ्याकडे असायची. ज्या दिवशी दुपारी लाइट असेल त्या दिवशी मी त्या पाच तासांत गाणी बनवत बसायची.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. औरंगाबादला शिकत असताना मैत्रिणीच्या भावाने मला एक सीडी दिली होती. तिच्यात गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर होतं आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटात पन्नासेक वाद्यं होती. सतार, बासरी, तबला, मँडोलिन, देवळातली घंटासुद्धा. वाद्य निवडलं की कॉम्प्युटरच्या कीबोर्डची बटणंच त्या वाद्याची व्हायची. सकाळच्या बॅचला ज्या ए-एस-डी-एफवर मी पोरांची बोटं बसवून घ्यायची, त्याच बटणांवर दुपारी सा-रे-ग-म वाजायचं. फक्त बटण दाबलं की आवाज क्षणभर उशिरा यायचा. त्याची सवय करून घेऊन मी प्रत्येक सूर थोडा आधीच दाबायला शिकले.

या वाद्यांना लावायचे इफेक्ट वेगळे. त्यांना प्लगिन म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. वाद्याच्या मागे एकेक डबा जोडत जायचा. आवाज एका डब्यातून निघून दुसऱ्यात शिरतो आणि बदलत बदलत बाहेर पडतो. कोणत्या डब्यात आवाजाचं नेमकं काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सीडीसोबत पुस्तक नव्हतं, क्लासमध्ये इंटरनेट आठवड्यातून दोनदा चालायचं, आणि हिंगोलीत मी हे कुणाला जाऊन विचारणार होते? मी आपली डब्यांवरची चाकं माउसने फिरवून बघायची. कधी बासरी विहिरीत पडल्यासारखी वाजायची, कधी तबला पत्र्यावर. का, ते कळायचं नाही. आवडलेला आवाज दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडायचा नाही.

अशा एका दुपारी मामा क्लासमध्ये आले.

मामा म्हणजे माझ्या मायचे थोरले भाऊ. कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत शिपाई होते आणि त्यांची गायनपार्टी होती. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, ते गावोगाव गायला जायचे. मामा पेटी वाजवत गायचे, एक ढोलकीवाले होते, आणि बेंजोवर आखाडा बाळापूरचे एक काका. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. बाळापूरच्या बाजारात काकांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. बेंजोला त्यांनी स्वतःच तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवला होता, स्वतःच अॅम्प्लिफायर जोडून केला होता, आणि त्याची वायर भोंग्यात घातली होती. नव्वद सालानंतरची जयंतीची जेवढी गाणी मला आठवतात, त्या सगळ्यांत मामांची ओळ संपली की काकांचा बेंजो उत्तर द्यायचा.

पण त्या दुपारी मामा आले तेव्हा काकांना पार्टी सोडून दीड वर्ष झालं होतं. भांडण कनेरगाव नाक्याला झालं. तिथे एका धाब्यामागच्या मैदानात संध्याकाळचा कार्यक्रम होता. गाणं चालू असताना मामा माइकवरच म्हणाले, "बेंजो कमी करा, लोकायला शब्द ऐकू येऊ द्या." समोर सगळं गाव बसलेलं. काकांनी मान हलवली आणि अॅम्प्लिफायरचं बटण पूर्ण बंद केलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांचे दोन्ही हात बेंजोवर चालत राहिले आणि आवाज मात्र काहीच नव्हता. मग त्यांनी बेंजो बांधला, आपल्या लुनावर ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

मामा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुझी माय सांगत व्हती, तुझ्या कॉम्प्युटरमधी समदे वाद्य हायेत म्हणं."

"हायेत मामा. पण बेंजो न्हाई."

"बेंजोचं नाव काढू नको." ते वर पंख्याकडे बघत म्हणाले, "जयंतीला सीडी काढायची म्हणतो. सहा गाणे. नांदेडला स्टुडिओ हाय, पण तिथं त्यायचाच बेंजोवाला बसवतेत. परका मानूस आपल्या गाण्यात नगं."

मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तोवर एकही पूर्ण गाणं केलेलं नव्हतं.

मार्चच्या उन्हात आम्ही क्लासच्या खिडक्यांना घरच्या गोधड्या लावल्या. पंखा बंद. एकच माइक होता, म्हणून आधी मामांचा आवाज आणि पेटी, मग ढोलकी असं वेगवेगळं घेतलं. बाहेर एसटीने हॉर्न दिला की थांबायचं आणि पुन्हा. चार दुपारींत सहा गाणी झाली. मामा घामाने निथळत गायले, पण गायले सुंदर.

मग मी ती एकत्र ऐकायला बसले आणि पहिल्याच गाण्यात माझ्या लक्षात आलं की मामा प्रत्येक ओळीनंतर थांबतात. पेटीही थांबते. ढोलकी एकटीच चालत राहते, आणि बरोबर तेवढ्या वेळाने मामा पुढची ओळ उचलतात. बेंजोचं नाव काढू नको म्हणणाऱ्या माणसाने सहाही गाण्यांत बेंजोची जागा मोकळी ठेवली होती. मला वाटतं, त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं.

ती जागा पेटीने भरून बघितली. बासरीने भरली. बासरी तर एकदम लग्नाच्या व्हिडिओतली वाटायला लागली. शेवटी मी मँडोलिन घेतलं, कारण त्याच्याही तारा छेडतात. काकांचे तुकडे मला तोंडपाठ होते. लहानपणापासून भोंग्याच्या खांबाला टेकून ऐकलेले होते. मी ते ए-एस-डी-एफवर वाजवले. सूर बरोबर आले, पण आवाज ऐकून मलाच हसू आलं. खेळण्यातल्या मोटारीला किल्ली दिली की वाजतं तसं ते वाजत होतं.

तिथून पुढचे आठ-दहा दिवस मी अक्षरशः भांबावलेली होते. आधी रिव्हर्बचा डबा लावला. तो आवाजाला घुमवतो. त्यात खोल्यांची यादी होती: मोठं सभागृह, छोटं सभागृह, चर्च, बाथरूम, गुहा. मी एकेक खोली लावून बघितली. त्या यादीत विहार नव्हता, शाळेपुढचं मैदान नव्हतं, पत्र्याचं शेड नव्हतं. मँडोलिन सभागृहात जाऊन बसलं आणि मामा क्लासमध्येच राहिले, असं काहीतरी व्हायचं. मामांनाही सभागृहात नेलं तर शब्दच कळेनात. मग कुठेतरी वाचलं की वाद्याचा आवाज बनवणाऱ्यांनी मुळातच त्यात घुमारा घालून ठेवलेला असतो. म्हणजे मी घुमाऱ्यावर घुमारा चढवत होते. तो मूळचा काढायचा कसा, हे लिहिलेलं नव्हतं. दोन दिवसांनी वाद्याच्याच चित्रावर कोपऱ्यात एक बारीक चाक सापडलं. ते शून्यावर आणल्यावर मँडोलिन इतकं उघडं पडलं की मला ते मिटवून टाकावंसं वाटलं.

मग गिटारसाठी असलेला एक डबा लावला. तो आवाज फाडतो, खरखरीत करतो. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यानंतर आवाज किंचित मागून पुन्हा ऐकवणारा डिले. त्यानंतर इक्वलायझर, म्हणजे जाड आवाज वेगळा, पातळ वेगळा, असं कमी-जास्त करायचा डबा. चार डबे झाले आणि नुसता चिखल. मँडोलिन कुठे, खरखर कुठे, काही ओळखू येईना. त्यात कॉम्प्युटरला चार डबे झेपत नव्हते. मध्येच तो अडखळायचा आणि सगळं गाणं बोबडं व्हायचं. एकदा लाइट गेली आणि दोन दिवसांचं काम गेलं. मी मायला सांगितलं की मामांना नाही म्हणून कळव. माय म्हणाली, "तूच सांग. मला न्हाई जमणार."

झालं ते चुकून झालं. एका दुपारी डबा काढायला म्हणून मी रिव्हर्बला माउसने धरलं आणि हात सुटला. रिव्हर्ब सगळ्यांच्या वरून घसरून सगळ्यांच्या खाली जाऊन बसला. आता आवाज आधी फाटत होता आणि मग घुमत होता. तेच चार डबे, तीच चाकं, फक्त क्रम बदललेला. मी प्ले केलं, आणि मामांची ओळ संपल्यावर स्पीकरमधून बाळापूरच्या काकांचा बेंजो वाजला.

मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ती खरखर, तो लांबलेला सूर, ओळीच्या शेवटी भोंगा ओढून धरायचा तसा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण, नाही असं नाही. त्याच्यासोबत एक चोरी केल्यासारखं पण वाटत होतं, आणि चोरलं काय ते सांगता येत नव्हतं. सूर मी वाजवले होते. आवाज मँडोलिनचा होता. डबे परदेशातल्या कुणीतरी बनवले होते. यातलं काकांचं काय होतं? आणि काहीच नव्हतं, तर ते काका कसे वाटत होते?

लगेच बाकीची पाचही गाणी मी तशीच केली. मामांचा आवाज वर, ढोलकी खाली, मध्ये बेंजो. सगळं एकमेकांत नीट बसवायचं, यालाच मिक्सिंग म्हणतात. मी ते पहिल्यांदाच करत होते.

मामा ऐकायला आले. पहिलं गाणं अर्धं झालं असेल, त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

"तू त्याला बोलावलं?"

"कोणाला?"

"कोणाला म्हणती! बाळापूरवाल्याला."

"न्हाई मामा. मीच वाजवलं. कॉम्प्युटरवर."

"मला येडं समजती का? बारा वर्सं बसलो त्याच्या बाजूला. त्याचा हात मला कळत न्हाई व्हय?"

मी त्यांना बटणं दाखवली, मँडोलिन दाखवलं, ए-एस-डी-एफ वाजवून दाखवलं. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. स्पीकरकडे बघत होते. मग म्हणाले, "माझ्या माघारी येऊन वाजवून गेला. समोर यायची लाज वाटली त्याला." आणि उरलेली गाणी न ऐकता निघून गेले. रागाने गेले की कशाने, मला ओळखता आलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी निरोप पाठवून सीडी मागवली. दुकानातून प्रती काढून घेतल्या, कव्हर छापलं. जयंतीच्या आधी एक प्रत माझ्या हातात आली तेव्हा मी कव्हर वाचलं. गायक म्हणून मामांचं नाव. खाली ढोलकीवाल्यांचं. आणि तिसऱ्या ओळीत, त्याच अक्षरात, बेंजो म्हणून बाळापूरच्या काकांचं नाव.

मी धावत मामांकडे गेले. "मामा, हे काय केलं तुमी? त्यायनी वाजवलंच न्हाई."

मामा शांतपणे म्हणाले, "ज्याचं हाय त्याचंच नाव पडन ना."

जयंतीला ती सीडी वाजली. हिंगोलीत वाजली, कळमनुरीत वाजली, बाळापुरात तर चौकातच वाजली. लोकांना आवडली. मी मिरवणुकीत मायसोबत चालत होते, आणि पुढच्या टेम्पोवरून आपणच बनवलेला तो बेंजो ऐकू येत होता. शेजारून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा अजून बी काय वाजवतो!" मला तोंड उघडायची भीती वाटत होती.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका दुपारी क्लासच्या दारात काका उभे होते. हातात कापडी पिशवी. मी त्यांना कधी स्टेजशिवाय बघितलं नव्हतं, म्हणून पटकन ओळखलंच नाही. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत येऊन विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसले आणि पिशवीतून सीडी काढली.

"बाळा," ते म्हणाले, "हे मी कवा वाजवलं?"

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"लोकं येऊन राहिले दुकानात," ते सांगायला लागले. "म्हणतेत, काका, लय भारी वाजवलं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मी न्हाई बाबा. तं म्हणतेत, नाव हाय तुमचं. मंग मी सीडी आणून लावली. ऐकली. दोन गाणे तं माझेच वाटले मला. तिसऱ्यात एक जागा हाय, ती मी असी घेत न्हाई. पन मंग वाटलं, घेतली बी असन एखाद्या टायमाला. जुन्या कॅसेटवरून काढलं का तू?"

"न्हाई काका. मी बनवलं."

"बनवलं म्हंजी?"

मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि गाणं उघडलं. मामांचा आवाज बंद केला, ढोलकी बंद केली, नुसता बेंजो ठेवला. मग एकेक डबा बंद करत गेले. आधी रिव्हर्ब काढला. काका म्हणाले, "मैदान गेलं." डिले काढला. "समोरची भिंत गेली." इक्वलायझर काढला. ते पुढे वाकले. "हा भोंगा व्हता. भोंग्यातून जाड आवाज निघतच न्हाई, तसं केलं तू." मग डिस्टॉर्शन काढलं आणि आमच्या दोघांपुढे ते किल्लीच्या मोटारीचं मँडोलिन टिणटिणत राहिलं.

"एवढंच व्हय हे?" काकांनी विचारलं.

"एवढंच."

"परत लाव बरं एकेक."

मी लावत गेले. खरखरीचा डबा लागला तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला. "ही खरखर कुठून आणली?"

"गिटारची असते काका. चाक फिरवत फिरवत आली."

"माझ्या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर हलका हाय. जोरात छेडलं की त्याला झेपत न्हाई, अशीच खरखर देतो. दहा वर्सं झाले, दुरुस्त करीन करीन म्हणून राहिलो. लोकायचे करतो, माझा राहून जातो." ते स्वतःशीच हसले. "बाळा, तू माझा बेंजो न्हाई बनवला. माझा भोंगा बनवला."

मी विचारलं, "मंग तुमचा बेंजो कसा वाजतो काका? भोंग्याबिगर?"

"घरी वाजवतो ना. बारीक आवाज हाय त्याचा." मग म्हणाले, "पन तो कोणी ऐकलाच न्हाई."

वर्षभर ज्या डब्यांनी मला छळलं होतं, ते या माणसाने एका दुपारीत ओळखले होते. एकाही डब्याचं नाव त्यांना वाचता आलं नव्हतं. सगळी नावं इंग्रजीत होती. त्यांच्यासाठी तो प्रत्येक डबा म्हणजे त्यांच्या दुकानात आलेल्या एकेका सामानातला बिघाड होता. माझ्या डोक्यातला तांत्रिक गोंधळ त्यांनी बराचसा सोडवला. दुसरा गोंधळ तेवढाच राहिला. मी त्यांना म्हणाले, "काका, मामांना तुमी सांगा. माझ्यावर इस्वास न्हाई त्यायचा. तुमी वाजवलं न्हाई म्हणून सांगा."

"काहून सांगू?" काका म्हणाले. "नाव त्यानं टाकलं. मी थोडंच टाकलं?" मग सीडीच्या कव्हरवर, त्या तिसऱ्या ओळीवर अंगठा फिरवत बसले. फिरवता फिरवता म्हणाले, "त्यानं माझं नाव टाकलं ना, पन."

चार वाजता बॅच आली तेव्हा ते उठले.

पुढे काय झालं ते मला मायकडून कळलं. काका त्या आठवड्यात मामांच्या घरी गेले. मामींनी चहा दिला. दोघं अंगणात बाजेवर बसून दोन तास बोलले, आणि कनेरगाव नाक्याचा विषय कुणी काढला नाही. "कशावर बोलले मंग?" मी विचारलं. माय म्हणाली, "भोंगा नवा घ्यावा का जुनाच ठेवावा, याच्यावर." पार्टी पुन्हा उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी दुसरी सीडी करायची ठरली आणि या वेळी काका खरोखर बेंजो घेऊन आले. मला हायसं वाटलं. आता खरं वाद्य, खरा माणूस. कुणाला काही समजावून सांगायचं काम नाही. बेंजोची वायर मी थेट कॉम्प्युटरला जोडली. काकांनी डोळे मिटून पहिला तुकडा वाजवला. अप्रतिम वाजवला. मग मी तो ऐकवला.

स्पीकरमधून एक कोरडा, बारीक, काडी मोडल्यासारखा आवाज आला. प्लॅस्टिक तारेवर घासल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

काका लगेच म्हणाले, "हे मी न्हाई."

मामा मागे बसले होते. म्हणाले, "काय झालं रे तुला? पहिल्या सीडीत किती चांगलं वाजवलं व्हतं. तसं वाजव ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. हसावं की काय करावं ते कळेना, तेव्हा मी खाली वाकून विनाकारण वायर तपासली.

मी तेच चार डबे त्याच क्रमाने काकांच्या बेंजोला लावले. वाटलं होतं, झालं काम. पण नाही झालं. त्यांचा जोराचा सूर आला की कान फाटायचा, आणि हळू सूर आला की डब्यांच्या तळाशी बुडून जायचा. गेल्या वर्षी असं होत नव्हतं. मी दोन दिवस चाकं फिरवत राहिले. मग लक्षात आलं की गेल्या वर्षी वाजवणारी मी होते, आणि टायपिंगचं बटण कितीही जोरात दाबलं तरी सूर सारख्याच जोराचा निघतो. ते डबे मी अशा वाजवणाऱ्यावर बेतले होते, ज्याला जोर आणि हळू हा फरकच माहीत नाही. काकांच्या वाजवण्यात तो होता. प्रत्येक सुराला वेगळा होता. त्यांच्या अॅम्प्लिफायरने तो फरक दहा वर्षं खाल्ला असेल, तरी हातात होताच.

काका माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. माउस ते पेचकससारखा धरायचे. "हे चाक थोडं माघारी घे. अजून थोडं. आता त्याला श्वास हाय." चार दुपारी गेल्या. शेवटी जो आवाज ठरला तो पहिल्या सीडीपेक्षा मऊ होता. खरखर होती, पण हळू सुरांच्या वेळी ती बाजूला व्हायची. मला तो जास्त आवडला. काकांनी ऐकला आणि म्हणाले, "चांगला हाय." मी विचारलं, "तुमी हायेत ना हे?" ते म्हणाले, "आता मला बराबर सांगता येत न्हाई, बाळा. पन चांगला हाय."

लोकांना मात्र पहिलीच सीडी आवडत राहिली. दुसरीबद्दल बाळापुरात कुणी कुणी म्हणालं की काकांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. हे मला काकांनीच सांगितलं, सांगताना हसत होते. मी त्यांना म्हणाले की मी स्वतः येऊन लोकांना खरं सांगते. ते म्हणाले, "कोणाकोणाला सांगशीन? आन सांगून काय सांगशीन?"

खरं सांगायचं तर काय सांगायचं? ज्यात काका वाजवत नाहीत त्यात ते सगळ्यांना ओळखू येतात आणि ज्यात वाजवतात त्यात येत नाहीत, हे? एक दिवस मी दोन्ही सीडी पाठोपाठ लावून डोळे मिटून ऐकल्या, निदान माझ्यापुरता निकाल लावावा म्हणून. पहिली ऐकली तेव्हा मला मामांचं स्टेज दिसलं. दुसरी ऐकली तेव्हा क्लासमधले काका दिसले, स्टुलावर, माउस धरलेले. निकाल काही लागला नाही.

पुढे माझं लग्न वाशिमला ठरलं. क्लास सुटला. सरांनी नवीन बॅचसाठी फॉरमॅट मारला तेव्हा त्या कॉम्प्युटरमधली सगळी गाणी गेली. मलाही आधी काढून घ्यायचं सुचलं नाही.

लग्नात मामा सासरच्या मंडळींना माझी ओळख करून देत होते. नात्यागोत्याचं झालं, शिक्षणाचं झालं, आणि मग म्हणाले, "आमच्या पोरीचा एक गुण सांगतो. माझं आन या बेंजोवाल्याचं दीड वर्स बोलणं बंद व्हतं. हिनं माझ्या माघारी त्याला गुपचूप बोलावलं, वाजवून घेतलं, आन आजपर्यंत कबूल केलं न्हाई. म्हणती कॉम्प्युटरनं वाजवलं!" सगळे हसले. माझे सासरे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले.

काका मामांच्या बाजूलाच खुर्चीवर बसले होते. माझ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "खरं का हो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय," ते म्हणाले. "लय तकलीफ घेतली पोरीनं."

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात जेवणाच्या पंगतीला बोलावलं आणि पाहुणे उठायला लागले.